खासगी वैमानिकाची तालीम कोठे व्हावी?

दुबईतील जबल अलीचे बंदर १९७९ मध्ये सुरू झाले, त्यालगतचे मुक्त व्यापारक्षेत्र १९८५ मध्ये स्थापन झाले, आणि या दोहोंच्या आश्रयाने येथे येऊन राहिलेल्या मराठी अभियंत्यांची, हिशेबनिसांची आणि जहाजवाहतुकीच्या कचेऱ्यांत हयात घालविलेल्या नोकरदारांची पुढची पिढी आता कर्तीसवरती झाली आहे. आधीच्या पिढीने पदरमोड करून मुलांची शिक्षणे उरकली आणि गावाकडे चार भिंती उभ्या केल्या. या पिढीच्या हाती संसार सांभाळून थोडी शिल्लक उरू लागली, तेव्हा ज्या हौशी तिच्या मनात रुजल्या, त्यांत स्वतः विमान चालविण्याची हौस अलीकडे पुष्कळदा कानी येते. त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. ज्या वस्तीच्या पाठीशी अल मक्तूम आंतरराष्ट्रीय विमानतळाची साडेचार किलोमीटर लांबीची धावपट्टी पसरलेली आहे आणि वैमानिक घडविणारी एक नामांकित संस्था जेथून हाकेच्या अंतरावर आहे, तेथील तरुणांना नोकरीधंदा सांभाळून खासगी वैमानिकाचा परवाना मिळवावा असे वाटणे स्वाभाविकच आहे. या हौशीला नावे ठेवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. उलट ती सुखरूप पार पडावी अशी मनापासून इच्छा असल्यामुळेच, शिक्षणाचे स्थळ निवडताना आज जे निकष सर्रास लावले जातात ते किती अपुरे आहेत, हे काहीशा विस्ताराने सांगणे मला अगत्याचे वाटते.

या बाबतीत चौकशी करणारा मनुष्य बहुधा तीन प्रश्न विचारतो: परवाना किती दिवसांत मिळेल, खर्च किती येईल, आणि विमाने कोणती आहेत. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि घामाचा पैसा खर्च करणाऱ्याने ते अवश्य विचारावेत. परंतु त्यांच्याही आधी विचारावयाचा एक प्रश्न आहे, तो असा, की परवाना हाती पडल्यानंतर, जेव्हा मी चुकीचा बेत आखीन, तेव्हा मला अडविणारे कोण असेल? विमान कंपनीत दाखल होणाऱ्या नवशिक्याला या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही. तो पहिली काही वर्षे उजव्या आसनावर बसतो. त्याच्या शेजारी हजारो तासांचा अनुभव गाठीशी असलेला कप्तान असतो, जमिनीवर उड्डाणाची आखणी करणारे खाते असते, आणि इंधन किती घ्यावे, हवामान कसे असल्यास निघू नये, किती तास विश्रांती घेतल्यावाचून कामावर येऊ नये, यांपैकी प्रत्येक गोष्ट कंपनीच्या नियमपुस्तकाने आधीच ठरवून टाकलेली असते. खासगी वैमानिकाच्या बाबतीत हा सारा बंदोबस्त एका दिवसात नाहीसा होतो. ज्या दिवशी त्याला परवाना मिळतो, त्याच दिवसापासून कप्तान तोच, आखणी करणारे खाते तोच, आणि निघू नये असा हुकूम देणारा वरिष्ठही तोच असतो.

आता त्याच्या शिदोरीत असते तरी काय, ते पाहावे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीच्या पहिल्या परिशिष्टाप्रमाणे खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचे उड्डाण पुरेसे आहे. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात शिकणाऱ्यास ३५ तासही चालतात. युरोपीय पद्धतीत हा आकडा ४५ आहे. त्यांपैकी किमान १० तास त्याने एकट्याने उडावे, ५ तास एकट्याने दूरचा प्रवास करावा, आणि वाटेत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून किमान २७० किलोमीटरचा एक प्रवास पुरा करावा, एवढीच अपेक्षा आहे. वयाची अट १७ वर्षांची. प्रत्यक्षात बहुतेकांना या किमान आकड्यांहून बरेच अधिक तास लागतात हे खरे. तथापि कायद्याच्या दृष्टीने एवढ्या शिदोरीवर तो आपल्या वृद्ध आईला आणि लहान मुलांना शेजारी बसवून आकाशात नेण्यास मुखत्यार ठरतो. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास लागतात, आणि तो मिळविणाराही पुढे वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करतो. म्हणजे ज्याला देखरेख लाभणार नाही त्याची शिदोरी सर्वांत लहान, असा हा उलटा हिशेब आहे. माझ्या सांगण्याचे सार याच हिशेबातून निघते: पुढे विमान कंपनी आपल्या नवशिक्याला जे तारतम्य बाहेरून पुरविते, ते खासगी वैमानिकाच्या अंगी त्याच्या शिक्षणस्थळाने मुरविले पाहिजे, आणि ते मुरविण्याची पात्रता ज्या वातावरणात आहे, तेच त्याच्यासाठी योग्य.

या कसोटीवर प्रथम घराजवळचेच स्थळ पारखून पाहू. एमिरेट्स विमान कंपनीची प्रशिक्षण अकादमी २०१७ च्या अखेरीस अल मक्तूम विमानतळाच्या परिसरात सुरू झाली. तिच्याजवळ सिरस एसआर-२२ जातीची एक इंजिनाची विमाने आहेत, एम्ब्रायरची फेनॉम-१०० ही जेट विमाने आहेत, स्वतःची १८०० मीटरची धावपट्टी आणि स्वतंत्र नियंत्रण मनोरा आहे. शिस्तीच्या आणि साधनसामग्रीच्या बाबतीत अशी संस्था या भागात दुसरी सापडणे कठीण, आणि ज्या मुलामुलींना विमान कंपनीतच आयुष्य काढावयाचे आहे त्यांनी तिच्या दाराशी अवश्य जावे. परंतु तिची सारी रचना कंपनीच्या कप्तानाशेजारी बसण्यास लायक असा अधिकारी तयार करण्यासाठी केलेली आहे. शनिवार-रविवारी मोटार काढून यावे, तासभर शिकावे आणि पुढे हौसेने उडावे, अशा माणसाची गरज तिच्या उद्दिष्टातच नाही. तो तिचा दोष मानणेही अन्यायाचे होईल. एवढेच, की संस्थेची इभ्रत मोठी म्हणून ती आपल्या कामाची, असा निष्कर्ष काढणाऱ्याने थोडे थांबावे.

मोठ्या विमानतळाच्या सान्निध्यात शिकण्याचे आकर्षण वाटणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुबईच्या भोवतीचे आकाश हे अवजड विमानांच्या वाहतुकीने गजबजलेले आणि नियंत्रणाखालचे आकाश आहे; ईशान्येस दुबईचा जुना विमानतळ, आतल्या अंगाला अल मिनहादचा लष्करी तळ, नैर्ऋत्येस अबू धाबीची वाहतूक. अशा हवेत लहान विमानाला वाट मिळते, पण ती दुसऱ्यांच्या सवडीने मिळते. अवजड विमान उतरताना त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे निघतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी मागून येणाऱ्या हलक्या विमानाला ते उलथवून टाकू शकतात. १६ मे २०१९ रोजी दुबई विमानतळाच्या उपकरणांची तपासणी करणारे दोन इंजिनांचे एक लहान डायमंड विमान, पुढे उतरलेल्या एअरबस ए-३५० च्या अशाच भोवऱ्यात सापडून कोसळले आणि आतील चौघेही मृत्युमुखी पडले. ते वैमानिक व्यावसायिक होते, नवशिके नव्हते. पुढे तर ही गर्दी वाढतच जाणार आहे. एप्रिल २०२४ मध्ये दुबईच्या शासनाने अल मक्तूम विमानतळाच्या विस्ताराची जी योजना जाहीर केली, तीत पाच समांतर धावपट्ट्या आणि वर्षाला २६ कोटी प्रवाशांची क्षमता अंतर्भूत आहे, आणि जुन्या विमानतळावरची सारी वाहतूक कालांतराने येथेच आणावयाची आहे.

याच्या उलट बाजूस लहान विमानतळ आहेत. रास अल खैमाच्या अल जझीरा अल हमरा भागात हलक्या विमानांचा क्लब आहे, पूर्व किनाऱ्यावर फुजैराची जुनी अकादमी आहे, आणि अंतर्भागात अल ऐनला प्रशिक्षणाची सोय आहे. जबल अलीहून यांपैकी कोठेही जावयाचे तर मोटारीने दीड-दोन तास मोडतात, आणि या अंतराचाच बाऊ करून पुष्कळ लोक तो विचार सोडून देतात. पण जो तास आपण विमानात घालवितो त्यात काय घडते, याचा हिशेब केला म्हणजे रस्त्यावरचे दोन तास महाग वाटत नाहीत. विमान उडवावे, धावपट्टीभोवती चौकोनी फेरा घालावा, उतरावे आणि पुन्हा उडावे, या ज्या आवर्तनास शिकणारे लोक सर्किट म्हणतात, ते शांत धावपट्टीवर सहा-सात मिनिटांत पुरे होते. म्हणजे तासाभरात आठ-नऊ वेळा उतरण्याचा सराव होतो. गर्दीच्या विमानतळावर पाठीमागून मोठे विमान येत आहे म्हणून बाजूला घिरट्या घालीत राहावे, पुढे गेलेल्याचे भोवरे शमावेत म्हणून थांबावे, असे करता करता तीन-चार वेळा उतरणे पदरात पडते. मीटर मात्र दोन्हीकडे सारखाच फिरतो, आणि लॉगबुकात दोन्हीकडे एकच तास लिहिला जातो. उतरण्याची कला सरावावाचून साध्य होत नाही. म्हणून शिक्षणाची निवड करणाऱ्याने तासाचा दर विचारण्यापेक्षा एका तासात किती वेळा उतरावयास मिळते हे विचारणे अधिक शहाणपणाचे आहे.

तरीही लहान विमानतळाची भलामण करताना मला एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे गावोगावच्या विहिरीत मुले पोहावयास शिकत, कमरेला सुकड बांधलेली असे आणि काठावर कोणी जाणता बसलेला असे. परंतु ज्याने आयुष्यभर विहिरीतच हातपाय मारले, त्याला पावसाळ्यातल्या नदीचा अंदाज येत नाही. ज्या विमानतळावर नियंत्रण मनोऱ्याशी बोलावे लागत नाही, वारा बहुधा एकाच बाजूने येतो आणि आकाशात आपल्याशिवाय कोणी नसते, तेथेच ज्याचे सारे ४५ तास खर्ची पडले, त्याच्या कानावर पहिल्या दूरच्या प्रवासात नियंत्रकाच्या सूचनांचा भडिमार झाला म्हणजे त्याची भंबेरी उडते. तेव्हा आरंभ शांत जागी व्हावा, पण परवान्यापूर्वी प्रशिक्षकाने शिष्याला मुद्दाम, ठरवून, एकाहून अधिक वेळा गजबजलेल्या नियंत्रित विमानतळावर नेले पाहिजे, आडव्या वाऱ्यात उतरविले पाहिजे, आणि रेडिओवरचे संभाषण त्याच्याकडूनच करवून घेतले पाहिजे. जी संस्था हे अभ्यासक्रमात लेखी दाखविते ती चांगली. जी नुसते तोंडी आश्वासन देते तिच्याकडे दुसऱ्यांदा चौकशी करावी.

आखाती हवेत शिकण्याचे काही विशेष आहेत, आणि शिकविणाऱ्याची पारख त्यांतच होते. उदाहरणादाखल उड्डाणापूर्वीची एक साधी तपासणी घ्या. टाकी अर्धी रिकामी ठेवून विमान रात्रभर उभे राहिले, आणि किनाऱ्यावरची दमट हवा टाकीत थंड झाली, म्हणजे तिच्यातील बाष्पाचे थेंब होऊन ते तळाशी जमतात. पाणी विमानाच्या पेट्रोलहून जड असल्यामुळे नेमके तेच आधी इंजिनाकडे जाते. म्हणून सकाळी पंखाखालची बारीक झडप दाबून एका पारदर्शक पेल्यात थोडे इंधन काढतात आणि तो पेला उजेडाकडे धरून पाहतात. इंधन निळसर असते. तळाशी रंगहीन बुडबुड्यासारखे काही हलताना दिसले तर ते पाणी होय, आणि पेला पूर्ण निळा दिसेपर्यंत इंधन काढीत राहावे लागते. एखाद्या सकाळी मात्र सारा पेलाच स्वच्छ, बिनरंगी दिसतो, आणि घाई झालेल्या नवशिक्याला वाटते की यात गाळ नाही, पाणी नाही; वस्तुतः सारा पेला पाण्यानेच भरलेला असू शकतो. अशा वेळी प्रशिक्षक शेजारी उभा राहून रंग कोणता, वास कसला, असे शिष्याच्याच तोंडून वदवून घेतो, की आपणच घाईघाईने झडप दाबून पुढे जातो, हे ज्याने एक सकाळ विमानतळावर उभे राहून पाहिले, त्याला त्या संस्थेच्या माहितीपत्रकाची गरज उरत नाही.

उष्म्याचेही तसेच आहे. विमानाच्या क्षमतेचे तक्ते समुद्रसपाटीस १५ अंश तापमान गृहीत धरून मांडलेले असतात, आणि त्याहून चढणाऱ्या प्रत्येक अंशागणिक विरळ झालेल्या हवेमुळे विमान सुमारे १२० फूट अधिक उंचीवर असल्यासारखे वागते. जुलैच्या दुपारी पारा ४५ वर गेला म्हणजे समुद्रकाठच्या धावपट्टीवर उभे असलेले विमान ३६०० फुटांवर, म्हणजे जवळजवळ सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर असल्याप्रमाणे जड होते. त्याला धाव जास्त लागते, चढ कमी मिळतो, आणि शेजारी दोन जाडजूड मित्र बसविले असले तर तो चढ नाममात्र उरतो. हे गणित वर्गात सर्वच संस्था शिकवितात. पण त्या गणिताच्या आधारे, शुल्क भरून दीड तास मोटार हाकीत आलेल्या शिष्याला, ‘आज उड्डाण नाही, वर्गात बसू’ असे सांगण्याची धमक किती जणांत असते? जेथे उड्डाण रद्द झाल्यास संस्थेचे उत्पन्न बुडते आणि प्रशिक्षकाचा त्या तासाचा मोबदलाही बुडतो, तेथे हे वाक्य ओठांवर येताना अडखळते. शिष्याला नकार ऐकण्याची सवय जेथे लागते, तेथेच पुढे स्वतःला नकार देण्याची शक्ती त्याच्या अंगी येते; माझ्या दृष्टीने योग्य वातावरणाचे हेच मुख्य लक्षण आहे.

नकार न देता आल्याचे परिणाम किती भयंकर असतात याचा एक सर्वज्ञात दाखला आखाती किनाऱ्यावरच्या प्रत्येक शिष्याने वाचला पाहिजे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ च्या रात्री स्वतः विमान चालवीत मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. त्यांच्याजवळ खासगी परवाना होता, गाठीशी सुमारे ३१० तास होते, विमान उत्तम होते, आणि हवामान कायद्याने उड्डाणास मना करण्यासारखे नव्हते. पण समुद्रावर धुरकट हवा होती, रात्र अंधारी होती, क्षितिजाची रेघ दिसत नव्हती. केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याची पात्रता त्यांनी अद्याप मिळविली नव्हती. दिशेचे भान सुटून विमान समुद्रात गेले, आणि त्यांच्यासह पत्नी व मेव्हणीचाही अंत झाला. एका प्रशिक्षकाने त्या रात्री सोबत येण्याची तयारी दाखविली होती, पण त्यांनी एकट्यानेच जाण्याची इच्छा व्यक्त केली, असे चौकशीच्या कागदपत्रांत नमूद आहे. आखातात धूळ आणि दमट हवा यांच्या मिश्रणाने समुद्र व आकाश एकाच करड्या रंगाचे होऊन जाणे ही वर्षातून अनेकदा, भर दिवसासुद्धा, घडणारी गोष्ट आहे. येथे शिकलेल्या माणसाला अशी हवा प्रशिक्षकासोबत असताना एकदाही दिसली नसेल, तर त्याचे शिक्षण अपुरे राहिले असे बेलाशक म्हणावे.

आता प्रशिक्षकाविषयी. विमानाहून, धावपट्टीहून आणि संस्थेच्या नावाहूनही अधिक महत्त्व मी प्रशिक्षकाच्या सातत्याला देतो. जगभर अनेक ठिकाणी विमान कंपनीत जाऊ इच्छिणारे तरुण आपले तास वाढावेत म्हणून काही काळ शिकविण्याचे काम पत्करतात. त्यांतले पुष्कळ जण तळमळीने शिकवितात, परंतु बोलावणे आले की दुसऱ्या दिवशी निघून जातात, आणि मागे राहिलेला शिष्य तिसऱ्या-चौथ्या प्रशिक्षकाच्या हाती सोपविला जातो. प्रत्येक नवा गुरू पहिले दोन-तीन तास त्याला अजमावण्यात घालवितो; शुल्क शिष्याच्या खिशातून जाते. त्याहून मोठे नुकसान असे, की या शिष्याचा स्वभाव कोणालाच कळत नाही. तो भित्रा आहे की फाजील धीट, थकला म्हणजे गप्प होतो की घाई करतो, चूक दाखविली तर ती सुधारतो की लपवितो, हे जाणणारा एक तरी माणूस असावा लागतो, आणि ते जाणण्यास ऋतू पालटावे लागतात.

मराठी मुलखाशी या विषयाचे नाते जुने आहे. मुंबईचा बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये स्थापन झाला, आणि जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मिळालेला देशातील पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना हा याच क्लबाच्या शिक्षणाचे फळ होय. १९३२ च्या ऑक्टोबरात इंपीरियल एअरवेजची विमाने हिंदुस्थानच्या वाटेवर शारजाला उतरू लागली, आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेस टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर विमान उतरविले. म्हणजे आज आपण जेथे राहतो त्या किनाऱ्याचा आणि मुंबईचा हवाई संबंध एकाच सुमारास आकारास आला. त्या काळच्या क्लबात वकील, व्यापारी, गिरणीमालकांची मुले हौसेने उडत, उड्डाण संपल्यावर एकत्र बसत, एकमेकांच्या चुकांची चर्चा करीत. आज तो क्लब आपले शिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर देतो. बारामतीत, गोंदियाजवळ बिरसीत, जळगावात संस्था उभ्या राहिल्या आहेत. मात्र त्यांचा बहुतेक सारा रोख व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांवर आहे, आणि हौशी शिष्य तेथे रांगेच्या शेवटी उभा राहतो.

आणि गुणवत्तेचे काय? ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीच्या परिसरात चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून देशातील प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवार यादी प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा पहिल्या यादीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. यादी प्रसिद्ध करण्याचे पाऊल मात्र अभिनंदनीय आहे, कारण विद्यार्थ्याला निवड करण्यासाठी प्रथमच काही अधिकृत आधार मिळाला.

दुबईतील आपल्या कित्येकांचा बेत असा असतो, की वार्षिक रजेत गावी जावे, किंवा अमेरिकेस जावे, आणि तीन-चार आठवड्यांत परवाना घेऊनच परतावे. खर्च वाचतो, सलग सराव होतो, या जमेच्या बाजू मला मान्य आहेत. विशेषतः सलग सरावाचे मोल फार आहे, आणि आठवड्यातून एकदाही विमानतळावर न फिरकणाऱ्याने खरोखर घरापासून दूर जाऊन सलगच शिकावे. परंतु रजेची तारीख ठरलेली असली की हवामानाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाला धुके, वारा आणि स्वतःचा थकवा हे तिन्ही अडथळे वाटू लागतात, आणि नेमक्या याच मनोवृत्तीने खासगी वैमानिकांचे घात केले आहेत. शिवाय एका देशाचा परवाना दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही. त्याच्या रूपांतरासाठी परीक्षा, वैद्यकीय दाखले आणि कचेऱ्यांचे हेलपाटे चुकत नाहीत. म्हणून ज्या आकाशात पुढे उडावयाचे आहे त्या आकाशातच, निदान शिक्षणाचा उत्तरार्ध, पुरा करावा. आणि रजेत शिकणे अपरिहार्यच असेल तर परत आल्यावर येथील प्रशिक्षकासोबत दहा-पंधरा तास काढल्यावाचून कुटुंबाला विमानात बसवू नये.

तेव्हा शुल्काचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी काय विचारावे? गेल्या वर्षात किती प्रशिक्षक सोडून गेले; माझा एकच प्रशिक्षक अखेरपर्यंत राहील काय; हवामानामुळे किंवा माझ्या प्रकृतीमुळे उड्डाण रद्द झाल्यास पैसे कापले जातात काय; विमानातील बिघाडांची नोंदवही मला दाखविता काय; आणि तुमच्याकडून परवाना घेऊन गेलेले हौशी वैमानिक पुन्हा तुमच्याकडे उडावयास येतात काय. ज्या कचेरीत या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने मिळतात तेथे बसावे, आणि जेथे उत्तराऐवजी सवलतीचा कागद पुढे सरकविला जातो तेथून नमस्कार करून उठावे. महासंचालनालयाने आपल्या श्रेणीवार यादीत प्रशिक्षकांच्या सातत्याचा आणि हौशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा स्वतंत्र रकाना जोडावा, ही माझी मागणी आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील लहान धावपट्ट्यांपैकी निदान एक हौशी वैमानिकांच्या क्लबासाठी राखावी. दुबईतील आपल्या मंडळींनी, ज्यांच्या कार्यक्रमांना हजारो लोक जमतात, परवाना मिळविलेल्या मराठी वैमानिकांना नवशिक्यांसमोर बसवून एखादी दुपार या प्रश्नोत्तरांसाठी द्यावी.

शिक्षणाचे स्थळ निवडणे ही खासगी वैमानिकाच्या कप्तानीची पहिली कृती आहे. जो ती झगमगाट, घाई आणि स्वस्ताई यांना भुलून करतो, तो पुढचे निर्णयही त्याच तराजूने तोलणार; जो ती शांतपणे, प्रश्न विचारून, प्रसंगी नकार देऊन करतो, त्याने विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच अर्धे शिक्षण पदरात पाडून घेतले असे मी म्हणेन. घरच्या मंडळींनीही त्याला परवाना कधी मिळणार असा तगादा लावू नये; आज हवा बरी नव्हती म्हणून उडालो नाही, असे सांगत तो घरी आला, तर त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च सत्कारणी लागत आहे असे खुशाल समजावे.